मायबोलीचे यात्रेकरू : इटलीचे कवी आणि वर्ध्याची वाट

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता हिंगणघाट मागे टाकून वडनेरला येतो. दोन्ही अंगांना काळी जमीन, हंगामात कापसाने लादलेल्या गाड्या आणि दिवसरात्र धावणारे ट्रक. या गावात बसून कोणाला इटलीच्या कवींची आठवण व्हावी, असे सकृद्दर्शनी काही कारण नाही. मला ती झाली, आणि तिचे निमित्त अगदी साधे होते.

गेल्या हिवाळ्यात वडनेरच्या एका घरी सायंप्रार्थनेसाठी गेलो होतो. घरातील आजी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सुरू केले. शेजारी बसलेला सात-आठ वर्षांचा नातू गप्प होता. त्याच्या वडिलांनी मोठ्या कौतुकाने त्याला पुढे केले आणि मुलाने तीच प्रार्थना इंग्रजीत, न अडखळता म्हणून दाखविली. आता आजी गप्प झाल्या. एकाच घरातील दोन माणसे एकाच पित्याला हाक मारीत होती. पण एकमेकांबरोबर मारू शकत नव्हती. निघताना मी हा विषय हळूच काढला, तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, “फादर, मराठीनं पोट्ट्याचं पोट भरणार हाय का?”

प्रश्न खोटा नव्हता. कापसाच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून असते, त्याला मुलाच्या भाकरीची चिंता वाटणारच. मला त्या वेळी नेमके उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर मात्र सेमिनरीत वाचलेले इटालियन कवी एकेक करून मनात येऊ लागले. कारण हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, सातशे वर्षांपूर्वी त्यांच्यातील सर्वांत थोर कवीलाही विचारण्यात आला होता.

आरंभ मात्र एका संताने केला. असिसीचा संत फ्रान्सिस 1225 साली सान दामियानो येथे आजारी पडून होता. डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, उजेड सोसवत नव्हता. त्या अवस्थेत त्याने सूर्याची, चंद्रताऱ्यांची, वारा, पाणी, अग्नी आणि धरणीमाता यांची आठवण काढून परमेश्वराचे स्तवन रचले. ज्या सूर्याकडे पाहणे त्याला अशक्य झाले होते, त्यालाच त्याने ‘भाऊ’ म्हटले. पुढे असिसीचे बिशप आणि नगराधिकारी यांच्यात वैर माजले, तेव्हा क्षमा करणाऱ्यांविषयीचे कडवे त्याने त्यात घातले आणि ते दोघांपुढे गाण्यासाठी आपल्या बंधूंना पाठविले. मृत्यूला ‘भगिनी’ म्हणणारे शेवटचे कडवे 1226 साली मृत्यूच्या दारात उभे असताना रचले गेले. हे स्तवन लॅटिनमध्ये नाही. ते उंब्रिया प्रांतातील सामान्य लोकांच्या बोलीत आहे. धर्मसभेची आणि विद्वानांची भाषा लॅटिन असताना या संताने बाजारातील आणि शेतातील बोली देवापुढे नेली. इटालियन साहित्याचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा याच स्तवनापासून सुरू होतात. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीच्या जपणुकीविषयी जे परिपत्रक काढले, त्याचे ‘लाउदातो सी’ हे नावही त्याच स्तवनातून घेतलेले आहे.

फ्रान्सिसच्या मागून त्याच्याच पंथातील याकोपोने दा तोदी याने लोकभाषेत भक्तिगीते रचली. पोप आठवे बोनिफास यांना विरोध केल्याबद्दल त्याला काही वर्षे कारावास भोगावा लागला. क्रूसाच्या वाटेवर आपण दुःखी मातेचे जे गीत म्हणतो, ते मूळ लॅटिन गीतही परंपरेने त्याच्याच नावावर सांगितले जाते. याच शतकात दक्षिणेकडे, सिसिलीत, सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारी कवींनी आपल्या बोलीत प्रेमकाव्य लिहिण्यास प्रारंभ केला होता. त्यांपैकी याकोमो दा लेन्तिनी याला चौदा ओळींच्या ‘सॉनेट’ या रचनेचा जनक मानतात. या सॉनेटला पुढे आपल्या वर्ध्याकडे यायचे होते. ती हकीकत थोड्या वेळाने.

दान्ते अलिगिएरी 1265 साली फ्लोरेन्स येथे जन्मला. बालपणी पाहिलेल्या बेआत्रिचेवर त्याची आयुष्यभर निष्ठा राहिली. ती 1290 साली निवर्तली. मराठी वाचकाला हे वर्ष ओळखीचे वाटेल. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, हेच ज्ञानेश्वरीचे वर्ष. नेवाशाला विशीही न गाठलेला एक तरुण गीतेचा अर्थ मराठीत सांगत होता, तेव्हा फ्लोरेन्समधील पंचविशीतला एक तरुण आपले दुःख लोकभाषेत कसे मांडावे याचा विचार करीत होता. या दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. पण दोघांच्याही डोक्यावर एकेक थोर, जुनी, पवित्र मानलेली भाषा होती. आणि दोघांनीही ती उत्तम जाणत असताना, तिचा अनादर न करता, आईची भाषा निवडली.

आपल्या विदर्भाने तर याही आधी पाऊल टाकले होते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ मराठीत सिद्ध केले. केशिराज हा विद्वान शिष्य संस्कृतात लिहू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला थांबविले. कारण त्यामुळे पंथातील साध्याभोळ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकल्या असत्या. एका आचार्याला म्हाताऱ्यांची काळजी वाटली आणि एका भाषेचे वाङ्मय त्या काळजीवर उभे राहिले, हे आपण विसरता कामा नये. वडनेरच्या त्या आजी मला आठवल्या, त्या याच ठिकाणी.

दान्तेच्या आयुष्याची घडी 1302 साली मोडली. नगरातील राजकीय कलहात त्याचा पक्ष हरला आणि त्याला हद्दपार करण्यात आले. परतल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा होती. घर, मानमरातब आणि उत्पन्न गेले. उरलेली वीस वर्षे त्याने इतरांच्या आश्रयाने काढली. त्या भटकंतीत त्याने लोकभाषेच्या योग्यतेविषयी एक ग्रंथ लिहिला, आणि तो लॅटिनमध्ये लिहिला! कारण पटवायचे होते ते विद्वानांना. त्याचा युक्तिवाद असा की, जी भाषा आपण व्याकरणाच्या नियमांवाचून, सांभाळणाऱ्या बाईच्या मांडीवर शिकतो, तीच अधिक थोर होय. शिकून मिळविलेली भाषा तिच्यानंतरची.

त्याच काळात सुरू झालेले महाकाव्य म्हणजे ‘डिव्हाइन कॉमेडी’. त्याने स्वतः त्याला केवळ ‘कॉमेडी’ म्हटले होते. ‘दैवी’ हे विशेषण नंतरच्यांनी जोडले. नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग असे तीन भाग. पहिल्यात 34 आणि पुढील दोहोंत प्रत्येकी 33, असे एकूण 100 सर्ग, आणि 14,233 ओळी. तीन-तीन ओळींची, पुढच्या कडव्यात यमक गुंफीत नेणारी रचना. त्रैक्याच्या उपासकाला शोभावी अशी. आरंभी कवी रानात वाट चुकतो. रोमन कवी व्हर्जिल त्याला नरकातून आणि शुद्धिपर्वतावरून नेतो. पुढे बेआत्रिचे येते आणि शेवटी संत बर्नार्ड पवित्र मरियेकडे विनंती करून त्याला ईश्वरदर्शनापर्यंत पोहोचवतो. तिन्ही भागांचा शेवटचा शब्द एकच आहे : तारे. हा कवी भाविक होता, पण भाबडा नव्हता. धर्मपदाचा सौदा करणाऱ्या पोपनाही त्याने नरकात जागा दिली. तरीही धर्मसभेने त्याला आपला मानले. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1921 साली आणि पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली, त्याच्या मृत्यूच्या सहाशेव्या व सातशेव्या वर्षी, त्याच्यावर स्वतंत्र पत्रे लिहिली.

आता तो प्रश्न. दान्ते राव्हेन्ना येथे अखेरची वर्षे काढीत असता बोलोन्याचे एक पंडित, जोव्हान्नी देल व्हिर्जिलिओ, यांनी त्याला लॅटिन पद्यात पत्र धाडले. एवढी थोर प्रतिभा बाजारबुणग्यांच्या भाषेवर का उधळता? लॅटिनमध्ये एखादे वीरकाव्य लिहा, बोलोन्यात तुम्हांला कविमुकुट मिळेल, असा त्याचा आशय. म्हणजे आपल्या शब्दांत, ‘या बोलीने पोट भरणार आहे का?’ दान्तेने उत्तर लॅटिनमध्ये, तेही अत्यंत सफाईदार, दिले : मुकुट घ्यायचाच तर तो माझ्या गावी, माझे हे काव्य पुरे झाल्यावर घेईन. भाषा येत नाही म्हणून त्याने आपली बोली धरलेली नव्हती, हे पंडितांना कळले असेल. त्याला मुकुट मिळाला नाही. 1321 च्या सप्टेंबरात तो राव्हेन्नातच मरण पावला. गाव त्याला पुन्हा दिसले नाही.

या महाकाव्याची सुमारे सहाशे वर्षांपूर्वीची एक हस्तलिखित प्रत आपल्या मुंबईत, टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडून ती संस्थेला मिळाली. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने तिच्यासाठी दहा लक्ष पौंड देऊ केले होते आणि संस्थेने ते नाकारले, अशी आख्यायिका मुंबईत आजही सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी एवढे खरे की ज्या बोलीला ‘बाजारी’ म्हणून हिणवले गेले, तिच्यातील वही आज सातासमुद्रांपार कडीकुलपात जपली जाते.

दान्तेनंतरचा दुसरा मोठा कवी पेत्रार्क (1304–1374). त्याची गोष्ट उलट्या बाजूने हेच शिकविते. त्याला आयुष्यात सर्व काही मिळाले. 8 एप्रिल 1341 रोजी रोममध्ये त्याला कविमुकुट अर्पण झाला. त्याची सारी आशा ‘आफ्रिका’ या लॅटिन महाकाव्यावर होती. इटालियन कवितांना तो किरकोळ समजे. तरी आयुष्यभर त्या पुन्हा पुन्हा घासूनपुसून ठेवी. अॅव्हिन्यों येथील संत क्लाराच्या चर्चमध्ये 1327 साली पाहिलेल्या लॉराविषयीच्या त्या कविता. एकूण 366, त्यांपैकी 317 सॉनेट, आणि शेवटची कविता पवित्र मरियेची प्रार्थना. आज ‘आफ्रिका’ अभ्यासकांखेरीज कोणी उघडत नाही. त्या ‘किरकोळ’ कवितांनी मात्र साऱ्या युरोपला सॉनेट लिहायला शिकविले.

तेच सॉनेट इंग्रजीच्या मार्गाने मराठीत आले. ते आणणारे केशवसुत शिकण्यासाठी खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे हिंडले होते. नागपुरात त्यांची ना. वा. टिळकांशी ओळख झाली, ते पुढे रेव्हरंड टिळक झाले. केशवसुतांनी 1892 साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही मराठीतील पहिली चौदा ओळींची सुनीतरचना केली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. सिसिलीच्या दरबारी जन्मलेले रोपटे वर्ध्यात शाळेत गेलेल्या एका मुलाच्या हातून आपल्या अंगणात लागले, हे कळल्यावर इटली तेवढी दूर वाटत नाही.

सोळाव्या शतकात आरिओस्तो आणि तास्सो हे महाकाव्याचे दोन मोठे कवी झाले. चित्रकार-शिल्पकार मायकेलअँजेलो यानेही सॉनेट लिहिली आणि त्याची स्नेही व्हित्तोरिया कोलोन्ना या विधवा सरदारपत्नीने ख्रिस्तावरील कवितांनी स्त्रियांचा स्वर त्या काव्यात आणला. तास्सोच्या ‘जेरुसलेमची मुक्ती’ या महाकाव्याची पूर्ण आवृत्ती 1581 साली निघाली, तेव्हा तो स्वतः फेर्रारा येथील रुग्णालयात मनोरुग्ण म्हणून कोंडलेला होता. रोममध्ये त्याला कविमुकुट द्यायचे ठरले. पण 1595 साली त्याआधीच तो सान्त ओनोफ्रिओच्या मठात मरण पावला.

त्याच रोममध्ये 1575 साली एक इंग्रज तरुण येशूसंघात दाखल झाला होता. थॉमस स्टीफन्स त्याचे नाव. 1579 च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला आणि पुढील चाळीस वर्षे येथल्याच लोकांत राहिला. त्याने लोकांची भाषा शिकली, मराठी ओवी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे छापून प्रसिद्ध केले. युरोपात त्या वेळी तास्सोच्या धर्मयुद्धाच्या काव्याची वाहवा होत होती. फादर स्टीफन्सनी तलवारींचे काव्य लिहिले नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली जुनी पुराणे सुटल्याची जी पोकळी वाटत होती, ती त्यांनी तारणकथेने भरली. आणि तीही त्यांच्याच छंदात. लॅटिन, इंग्रजी, पोर्तुगीज येणाऱ्या या धर्मगुरूने मराठीचे जे गुणगान केले, तेवढे आपल्यापैकी किती जणांना करता येईल?

इटली पुढे दीर्घकाळ परकीयांच्या सत्तेखाली, तुकड्यातुकड्यांत राहिली. 1861 मध्ये ती एक राष्ट्र झाली, तोवर तिला एकत्र धरून ठेवणाऱ्या गोष्टींत या कवींची भाषा मोठी होती. एकोणिसाव्या शतकात लेओपार्दी (1798–1837) या रेकानातीच्या व्याधिग्रस्त कवीने माणसाच्या एकाकीपणाचे दुःख इतक्या निर्मळ शब्दांत सांगितले की, श्रद्धेपासून दूर गेलेल्या त्या मनापुढे श्रद्धावंतानेही क्षणभर थांबावे. मान्झोनी (1785–1873) 1810 साली श्रद्धेकडे परतला, त्याने ख्रिस्ती सणांवर स्तोत्रे लिहिली आणि आपली सुप्रसिद्ध कादंबरी फ्लोरेन्सच्या बोलण्यातील भाषेशी जुळावी म्हणून पुन्हा संबंध लिहून काढली. त्याच्या स्मरणार्थ व्हेर्दीने 1874 साली आपली ‘रेक्वियेम’ ही मृतांसाठीची मिस्सा सादर केली. विसाव्या शतकात उंगारेत्तीने पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत बसून दोन-चार शब्दांच्या ओळी लिहिल्या. कार्दुच्ची (1906), क्वासिमोदो (1959) आणि मोन्ताले (1975) या कवींना नोबेल पारितोषिके मिळाली. फ्रान्सिसने ज्या बोलीत देवाला हाक मारली, ती अशी जगाच्या व्यासपीठावर बसली.

आता शेवटचा कवी; आणि तो तर आपल्या दारी आलेला. 1901 साली दक्षिण इटलीत जन्मलेला लान्झा देल वास्तो पीसा येथे तत्त्वज्ञान शिकला. कविता त्याने पुढे मुख्यतः फ्रेंचमध्ये लिहिली. युरोपावर दुसऱ्या युद्धाचे सावट दिसू लागताच तो 1936 च्या अखेरीस भारताकडे निघाला आणि 1937 साली वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींकडे राहिला. तेथे सूत कातायला शिकला. गांधीजींनी त्याला ‘शांतिदास’ हे नाव दिले. तेथून तो हिमालयात गंगेच्या उगमाकडे पायी गेला. आणि तेथे त्याला जी हाक ऐकू आली, ती ‘इथेच राहा’ अशी नव्हती, तर ‘परत जा आणि आपल्या लोकांत काम उभार’ अशी होती. तो परतला. 1948 साली त्याने फ्रान्समध्ये ‘आर्क’ नावाचा अहिंसाव्रती समुदाय स्थापन केला. 1954 साली पुन्हा येऊन विनोबांच्या भूदानयात्रेत चालला. 1963 च्या प्रायश्चित्तकाळात रोममध्ये त्याने शांततेसाठी चाळीस दिवस उपवास केला. त्याच वर्षी पवित्र गुरुवारी पोप तेविसावे जॉन यांचे जागतिक शांततेविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. सेवाग्रामातून तो कॅथलिक म्हणूनच गेला आणि 1981 साली कॅथलिक म्हणूनच मरण पावला.

ज्या विनोबांबरोबर तो चालला, त्यांनी 1930–31 मध्ये वर्ध्यात ‘गीताई’ रचली, ती आईच्या इच्छेखातर. आईला संस्कृत गीता कळत नव्हती. म्हणजे पुन्हा एक आई, आणि पुन्हा तिच्यासाठी लिहिलेला ग्रंथ. 1963 च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना स्थान दिले, तेही याच वाटेवरचे पाऊल होते. आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो, ही काही आपोआप पडलेली गोष्ट नाही.

तर त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मी आता असे देईन. मुलाला इंग्रजी अवश्य शिकवा, उत्तम शिकवा. दान्तेला लॅटिन येत होते आणि फादर स्टीफन्सना चार भाषा. भाकरीची भाषा शिकण्यात लाज नाही. पण भाकरीची भाषा आणि घराची भाषा यांत एकीने दुसरीला हाकलून देण्याची गरज नाही. पेत्रार्कने ज्या भाषेत मुकुट मिळविला, तिच्यातील त्याचे काव्य विस्मृतीत गेले. ज्या भाषेत तो रडला आणि शेवटी पवित्र मरियेला शरण गेला, तीच उरली. मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ झाले, याचा आनंद आहेच. परंतु भाषा सरकारी निर्णयाने जगत नाही. ती संध्याकाळच्या प्रार्थनेत जगते.

पुढे मी वडनेरला पुन्हा गेलो, तेव्हा त्या घरी एवढेच सुचविले की रोज जपमाळेचे एक दशक तरी आजीबरोबर मराठीत म्हणावे. मुलाने मला विचारले, “फादर, देवाला मराठी येतं?” मी म्हणालो, “तुझ्या आजीला विचार. ती कितीतरी वर्षं त्याच्याशी बोलते आहे.” आजी हसल्या आणि माळ त्याच्या हातात दिली. वाचकहो, आपल्या घरची माळ आज कोणाच्या हाती आहे, एवढे एकदा पाहावे.